तोफेच्या पोटातलं गणित

१७५१ सालच्या जुलैअखेर कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात बेंजामिन रॉबिन्स नावाचा इंग्रज तापानं वारला. वय चव्वेचाळीसच्या आसपास. ईस्ट इंडिया कंपनीनं आपल्या किल्ल्यांची तटबंदी सुधारायला त्याला मुद्दाम इकडे आणलं होतं. त्याच पावसाळ्यात तिथून शेकडो कोसांवर, औरंगाबादेत, बुसी हा फ्रेंच सेनानी आपला तोफखाना घेऊन सलाबतजंग निजामाच्या पदरी ठाण मांडून बसला होता. पाऊस सरला तसा हा तोफखाना पुण्याच्या दिशेनं निघाला. नोव्हेंबरात नानासाहेब पेशव्यांचा तळ कुकडीकाठी होता. चंद्रग्रहणाच्या रात्री बुसीनं छावणीवर अचानक हल्ला केला आणि हलक्या, भराभर डागता येणाऱ्या तोफा काय करू शकतात हे दख्खननं पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिलं.

रॉबिन्स आणि बुसी एकमेकांना कधी भेटले नाहीत. पण बुसीच्या गोलंदाजांना अनुभवानं जे ठाऊक होतं, त्याचं कारण रॉबिन्सनं नऊ वर्षांपूर्वी एका छोट्या पुस्तकात मांडलं होतं. बत्ती दिल्यावर नळीच्या आत किती दाब तयार होतो, आणि त्या दाबातून गोळ्याला किती वेग मिळतो, हा त्याचा प्रश्न होता. दख्खनच्या ओतारी-लोहारांनी हाच प्रश्न त्याआधी दोनशे वर्षं कागदाशिवाय सोडवत आणला होता. त्यांची उत्तरं धातूत आहेत, आणि त्यांतली काही संभाजीनगरच्या वेशीवर आजही बघायला मिळतात.

बुडाशी जाड, तोंडाशी निमुळती

संभाजीनगरहून खुलताबादच्या रस्त्याला पंधरा-सोळा किलोमीटरवर दौलताबादचा किल्ला लागतो. यादवांची देवगिरी, तुघलकाची राजधानी, मग बहमनी, निजामशाही आणि मोगल. महाकोटाच्या दरवाज्यातून आत शिरलं की जुन्या तोफा मांडून ठेवलेल्या दिसतात. तिथून चढत चिनी महालापाशी आलं की बुरुजावर मेंढा तोफ आहे. मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं, म्हणून हे नाव. तोफेवरच्या फारसी लेखात तिचं नाव ‘किल्ला शिकन’ असं आहे, ओतणाऱ्याचं नाव मुहंमद हुसेन अरब, आणि बादशहा म्हणून औरंगजेबाचा उल्लेख आलमगीर या पदवीसकट आहे. ही पदवी त्यानं १६५८ मध्ये तख्तावर बसताना घेतली, तेव्हा तोफ त्यानंतरची. लोक तिला पंचधातूची म्हणतात. मुळात ती तांबं आणि कथील यांच्या मिश्रणाची, म्हणजे कांस्याची.

मेंढ्याच्या डोक्याचे फोटो सगळेच काढतात. तोफेच्या अंगाकडे मात्र फारसं कोणी बघत नाही. बुडाशी घेर मोठा आणि तोंडाकडे अंग निमुळतं होत गेलेलं. हा आकार दिसायला डौलदार आहे, पण तो डौलासाठी केलेला नाही. दारू पेटते ती बुडाशी. तयार झालेल्या वायूला सुरुवातीला जागा अगदी थोडी असते, म्हणून दाब तिथंच सगळ्यात जास्त. गोळा पुढे सरकू लागला की मागची जागा वाढते, वायू पसरतो आणि दाब उतरतो. तोंडाशी पोचेपर्यंत तो बुडाच्या दाबाचा लहानसा अंश उरतो. म्हणून बुडाला धातू जास्त आणि तोंडाला कमी. मुहंमद हुसेन अरबाकडे दाब मोजायचं कुठलंही साधन नव्हतं. पण फुटलेल्या तोफा नळीच्या कुठल्या भागात फुटतात हे त्याच्या धंद्यातल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या बघितलं होतं. स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स १४६० मध्ये रॉक्सबरोच्या वेढ्यात शत्रूच्या तोफेनं मेला नाही. तो आपल्याच तोफेजवळ उभा होता आणि ती फुटली. असा धडा सगळ्या जगातल्या ओताऱ्यांना कधी ना कधी मिळालाच.

दख्खनमध्ये तोफा करायच्या दोन रीती होत्या. एक ओतीव कांस्याची. दुसरी घडीव लोखंडाची. घडीव तोफेत लोखंडाच्या लांब पट्ट्या गोल रचून नळी करत आणि तिच्यावर तापवून लाल केलेली कडी एकापाठोपाठ एक चढवत. कडं थंड होताना आकसतं आणि आतल्या पट्ट्या आवळून धरतं. आत दाब वाढला की तो आधी ही आवळ सैल करण्यात खर्ची पडतो, त्यानंतर कुठे लोखंडावर ताण येतो. विजापूरच्या उपरी बुरुजावरची लांबचरी तोफ याच रीतीची. तिची लांबी ३० फूट ८ इंच आणि नळीचं तोंड १२ इंचांचं. म्हणजे तोंडाच्या तिसेक पट लांब.

तिच्या अगदी उलट आहे मुलुख-ए-मैदान. ही तोफ आज विजापुरात असली तरी ओतली गेली अहमदनगरला, १५४९ मध्ये, बुऱ्हाण निजामशहासाठी. ओतणारा मुहंमद बिन हसन रूमी. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात होती. तिथून १६३२ मध्ये मुरार जगदेवानं ती विजापूरला नेली. वजन सुमारे ५५ टन. तोंडाचा व्यास सुमारे २८ इंच आणि लांबी जेमतेम सव्वाचौदा फूट, म्हणजे तोंडाच्या सहा पट. तिच्या आत दारूचा कोठा तोंडापेक्षा बराच अरुंद ठेवला आहे, म्हणून दारूभोवतीची भिंत आणखीच जाड झाली आहे.

या दोन तोफा शेजारी शेजारी मनात ठेवल्या तर दाब आणि वेग यांचं नातं समजायला सोपं जातं. मुलुख-ए-मैदान मोठा दगडी गोळा किंवा धातूच्या तुकड्यांचा मारा जवळच्या पल्ल्यावर फेकण्यासाठी होती. तिच्या गोळ्याला दाबाखाली वाटचाल थोडी. तो सुटतो तेव्हा मागे वायूचा जोर बराच शिल्लक असतो आणि तो आवाज, झोत आणि धूर यांत वाया जातो. लांबचरीत गोळ्यामागे वायू बराच काळ रेटत राहतो. बंद पडलेली गाडी ढकलायची असेल तर एक जोराचा धक्का देऊन भागत नाही, दहा पावलं रेटावी लागते. तोफेतल्या गोळ्याचंही तसंच. त्याला वेग मिळतो तो नळीच्या पूर्ण लांबीत मिळालेल्या एकूण रेट्यातून. मात्र नळी फुटते ती सगळ्यात जास्त दाबाच्या त्या एका क्षणात. तोफ बनवणाऱ्याला एकूण रेटा वाढवायचा असतो आणि तो क्षण आवरायचा असतो. तोफांचा पुढचा सगळा इतिहास या ओढाताणीचा आहे.

सोरा, गंधक, कोळसा

दाब येतो कुठून, तर दारूतून. सोरा, गंधक आणि कोळसा. कोळसा आणि गंधक जळतात, आणि जळायला लागणारा प्राणवायू सोऱ्यातून मिळतो, म्हणून बंद नळीतही दारू जळते. उघड्यावर ती भुसकन जळून जाते. बंदिस्त जागेत मात्र तयार झालेला वायू आपल्याच दाबानं ज्वलन आणखी भडकवतो.

दौलताबादच्या भिंतींनी तोफेतली आणि सुरुंगातली अशी दारूची दोन्ही रूपं पाहिली आहेत. मलिक अंबर १६२६ मध्ये वारल्यानंतर निजामशाहीची सूत्रं त्याचा मुलगा फत्तेखान याच्या हाती आली. १६३३ मध्ये शाहजहानचा सरदार महाबतखान दौलताबादला वेढा घालून बसला. एवढ्या तोफा असूनही निकाल लागला तो सुरुंगानं आणि उपासमारीनं. दरबारी इतिहासकार लिहितो की अंबरकोटाखाली सत्तर मण दारू भरली होती आणि ती उडाली तेव्हा तटाची अठ्ठावीस गज भिंत आणि बुरुजाचा बारा गज भाग ढासळला. सुरुंगात दाब एकदाच हवा असतो, जितका जास्त तितका चांगला. भांडं फुटावं हाच तिथे हेतू. तोफेत भांडं शाबूत राहिलं पाहिजे आणि पुन्हा शंभरदा वापरता आलं पाहिजे.

साठवलेली दारू तर आणखी बेभरवशाची. १६५७ मध्ये औरंगजेब औरंगाबादेहून निघाला आणि बीदरला वेढा घातला. मार्चमध्ये किल्ल्याचा जुना किल्लेदार सिद्दी मर्जान बुरुजावर मोगलांना अडवत असताना एक बाण मागच्या दारूच्या साठ्यावर पडला. स्फोटात मर्जान आणि त्याची मुलं होरपळली, बुरुज रिकामा पडला आणि बीदर गेलं.

मराठ्यांच्या राज्यकारभारात ही जोखीम किती जाणली होती ते रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दिसतं. दारूखाना राहत्या घरांजवळ नसावा, दारूला पाण्याची ओल लागू नये, हवालदारानं ठरावीक दिवसांनी दारू, बाण, हुक्के बाहेर काढून उन्हात वाळवावेत आणि मुद्रा करून पुन्हा ठेवावेत, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. हे केवळ सुरक्षेचं कलम नाही. ओल धरलेली दारू सावकाश पेटते. नळीत दाब चढायच्या आधीच गोळा निघून जातो आणि तटापर्यंत पोचायच्या ऐवजी खंदकात पडतो. पावसाळ्यात सह्याद्रीच्या किल्ल्यावर ठेवलेली दारू आणि मे महिन्यातली वाळलेली दारू यांत दाबाचा केवढा फरक पडतो, हे गोलंदाज आपल्या गोळ्याच्या पल्ल्यावरून ओळखत होता.

फक्त पल्ला, एवढंच त्याच्या हाती होतं. गोळा कुठे पडला हे दिसतं. तो किती वेगानं सुटला हे दिसत नाही. पल्ल्यावरून वेग काढावा तर हवेचा अडथळा आड येतो. तो किती मोठा असतो याची कोणालाच कल्पना नव्हती.

लाकडाचा ठोकळा आणि एक फीत

रॉबिन्सनं ही गाठ १७४२ च्या आपल्या पुस्तकात सोडवली. उपकरण साधं. लोखंडी तिकाटण्याला जड लोलक टांगलेला आणि त्यावर लाकडाचा ठोकळा. बंदूक जवळून ठोकळ्यावर झाडायची. गोळी लाकडात रुतते आणि लोलक मागे झुलतो. लोलकाच्या खालच्या टोकाला एक फीत बांधलेली आणि ती एका फटीतून जाणारी. लोलक जेवढा मागे गेला तेवढी फीत ओढली जाते. लोलकाचं वजन माहीत, गोळीचं वजन माहीत, झोका फितीवर मोजता येतो. या तिन्हीवरून गोळीचा वेग निघतो. तोपर्यंत डोळ्याला न दिसणारी गोष्ट आता फितीवर इंचांत वाचता येऊ लागली.

वेगाबरोबर त्यानं दाबाचाही हिशेब मांडला. निर्वात केलेल्या भांड्यात तापलेल्या लोखंडावर दारू टाकून तिच्यातून किती वायू निघतो हे त्यानं मोजलं. थंड झालेला वायू दारूच्या आकारमानाच्या सुमारे २४४ पट भरला. मग बंदुकीच्या नळीचा तुकडा भट्टीत पांढराशुभ्र होईपर्यंत तापवून आतली हवा किती फुगते ते पाहिलं. ती जवळपास चौपट फुगली. दोन्ही आकड्यांचा गुणाकार केला की बंद दारू पेटताच हवेच्या दाबाच्या साधारण हजारपट दाब तयार होतो, असं त्याचं उत्तर आलं. त्यापुढे बॉयलचा नियम: जागा दुप्पट झाली की दाब निम्मा.

त्यानं उदाहरणादाखल पाऊण इंच व्यासाची आणि ४५ इंच लांबीची नळी घेतली. दारू बुडाशी २ इंच आणि ५ अष्टमांश एवढी जागा व्यापते. सुरुवातीला दाब हजारपट असेल तर गोळी तोंडाशी येईपर्यंत वायूची जागा सतरा पट झालेली असते आणि दाब साठपटीच्याही खाली आलेला असतो. नळीच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा हा उतरता दाब, नळीच्या छेदाच्या क्षेत्रफळानं गुणून, वाटेभर मिळवत गेलं की गोळीला मिळालेली एकूण ऊर्जा हाती येते. त्यावरून गोळीचा वेग सेकंदाला सुमारे १,६७० फूट, म्हणजे ५०० मीटरच्या थोडा वर निघतो. लोलकावरचे प्रयोग या हिशेबाच्या जवळ आले.

हेच गणित थोडं फिरवून पाहिलं की दख्खनच्या लांब तोफांचं कोडं उलगडतं. ४५ इंची नळी निम्मी कापली तर वेग निम्मा होत नाही, जेमतेम तेरा टक्क्यांनी घटतो. नळी दुप्पट करून ९० इंच केली तर वेग फार तर अकरा-बारा टक्के वाढतो. सुरुवातीचे काही इंच गोळीला सगळ्यात जास्त वेग देतात आणि पुढचा प्रत्येक इंच आधीच्यापेक्षा कमी देतो. म्हणून तीस फुटी तोफेला लोखंड भरपूर लागतं आणि त्या मानानं वेग थोडा वाढतो. शिवाय दाबाबरोबर वेग वर्गमुळाच्या चालीनं वाढतो: दाब दुप्पट केला तर वेग दुप्पट न होता चाळीसेक टक्के वाढतो, आणि नळीच्या भिंतीवरचा ताण मात्र दुप्पट. बुसीच्या हलक्या तोफांमागे हा हिशेब आहे. नळी थोडी आखूड, दारू बेताची, आणि वजन एवढं कमी की बैल आणि माणसं तिला झपाट्यानं फिरवू शकतील. वेगात थोडं गमावलं, पण त्याच वेळात जास्त गोळे सोडता आले.

रॉबिन्सचं पुस्तक गणितज्ञ ऑयलरनं १७४५ मध्ये जर्मनमध्ये नेलं आणि त्यावर स्वतःची मोठी टीका जोडली. १७७५ पासून वूलिजला चार्ल्स हटननं लोलकावर खऱ्या तोफा झाडल्या. गोळा आणि नळी यांच्यातल्या फटीतून दारूचा तिसरा ते चौथा हिस्सा नुसताच निसटतो, हे त्यानं दाखवलं. दख्खनमधले दगडी गोळे छिन्नीनं घडवलेले, त्यामुळे ही फट मोठीच असायची. मुलुख-ए-मैदानच्या तोंडात भरपूर दारू घालूनही तिचा बराच जोर गोळ्याच्या कडेनं उडून जात होता.

असई

या ज्ञानाची एक परीक्षा औरंगाबादच्या परिसरातच झाली. १८०३ च्या ऑगस्टमध्ये आर्थर वेलस्लीनं तोफा लावून अहमदनगरचा किल्ला घेतला आणि महिनाअखेर तो औरंगाबादला पोचला. २३ सप्टेंबरला भोकरदन भागात, केळणा आणि जुई नद्यांच्या मधल्या पट्ट्यात असई गावाजवळ त्याची शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी गाठ पडली. हा भाग १९८१ मध्ये जालना जिल्हा वेगळा झाला तोवर औरंगाबाद जिल्ह्यातच होता.

शिंद्यांची कवायती पायदळं पोलमन या जर्मन अधिकाऱ्याच्या हाताखाली होती. तोफा त्यांच्या स्वतःच्या. महादजी शिंद्यांच्या काळापासून द बॉयन या त्यांच्या युरोपीय सेनानीच्या देखरेखीखाली आग्रा-मथुरेकडे तोफा ओतायचे कारखाने उभे राहिले होते. तिथे सँगस्टर नावाच्या स्कॉटिश ओताऱ्यानं कांस्याच्या, मापात बसणाऱ्या, स्क्रूनं वर-खाली करता येणाऱ्या तोफा तयार केल्या. त्याच वर्षी उत्तरेत शिंद्यांकडून इंग्रजांच्या हाती पडलेल्या काही तोफांत आतली नळी लोखंडाची आणि बाहेरचं आवरण कांस्याचं होतं. लोखंड लवकर झिजत नाही आणि कांसं फुटायच्या आधी फुगून इशारा देतं. दोन धातूंचे दोन गुण एकाच तोफेत आणायची ही युक्ती कारागिरांना नेमकी कुठे ताण पडतो हे कळल्याशिवाय सुचत नाही.

असईत सुरुवातीलाच मराठ्यांच्या तोफांनी इंग्रजांच्या तोफा आणि त्या ओढणारे बैल निकामी केले. ७४ वी पलटण तर तोफांच्या तोंडी सापडून जवळपास संपली. सहा-सात हजारांपैकी सुमारे १,६०० माणसं मारली गेली किंवा जखमी झाली. शेवटी संगिनी आणि घोडदळ यांच्या जोरावर लढाई वेलस्लीनं जिंकली. मराठ्यांच्या बाजूला लढाई एका हाताखाली नव्हती, शिंदे आणि भोसले स्वतः मैदानातून आधीच निघून गेले होते. ९८ तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या. त्यांतल्या कांस्याच्या तोफा पाहून वेलस्ली इतका खूश झाला की याहून उत्तम तोफा आपण कधी पाहिल्या नाहीत, असं त्यानं पत्रात लिहिलं. मराठ्यांचा तोफखाना मागासलेला होता म्हणून ते हरले, ही समजूत असईपुरती तरी टिकत नाही. नळीच्या आतल्या गणितात शिंद्यांचे कारखाने युरोपच्या बरोबरीला आले होते. कमतरता होती ती नेतृत्वात आणि शिस्तबद्ध एकजुटीत.

तांब्याचा चुरगळलेला दाणा

यानंतर चाळीसेक वर्षांनी हिशेब पुन्हा अडला. तोफा मोठ्या होत गेल्या, दारू वाढत गेली, आणि नळीच्या आत खरोखर किती दाब होतो हे कोणालाच ठाऊक नव्हतं. २८ फेब्रुवारी १८४४ रोजी अमेरिकेच्या ‘प्रिन्स्टन’ या युद्धनौकेवर नव्या तोफेचं प्रदर्शन चालू असताना ती फुटली. परराष्ट्रमंत्री आणि नौदलमंत्री जागीच ठार झाले. यातून थॉमस रॉडमननं दोन गोष्टी हाती घेतल्या. पहिली, नळीच्या भिंतीला भोक पाडून त्यात एक धारदार दट्ट्या बसवायचा. दाबानं तो तांब्याच्या पत्र्यात जितका खोल रुतेल तितका दाब. दुसरी, दारूचे दाणे मोठे करायचे आणि त्यांना आरपार भोकं पाडायची. लहान दाणे एकदम जळून दाबाची टोकदार उसळी देतात. मोठे, भोकं पाडलेले दाणे सावकाश जळतात, दाबाचं शिखर खाली राहतं आणि उतार लांबतो. एकूण रेटा तेवढाच, पण नळीला धक्का कमी.

हे काम पुढे इंग्लंडात अँड्र्यू नोबलनं नेलं. तो न्यूकॅसलच्या आर्मस्ट्राँगच्या कारखान्यातला भागीदार. हा तोच आर्मस्ट्राँग, ज्याच्या तोफांच्या आतल्या नळीवर तापवलेली कडी आकसवून बसवलेली असत. विजापूरच्या लोहारांनी हीच रीत कित्येक पिढ्या आधी वापरली होती. एकानं दुसऱ्याचं पाहून केलं असं नाही, पण कड्यांची जाडी, आकस आणि ताण यांचं गणित आता कागदावर होतं. नोबलनं तांब्याचा छोटा दंडगोल नळीच्या भिंतीत बसवला. दाबानं तो जेवढा चेपला जाईल त्यावरून आकडा काढता येई. नळीच्या वेगवेगळ्या ठिकाणी असे दंडगोल लावून, आणि गोळा प्रत्येक ठिकाणाहून नेमका केव्हा गेला हे विजेच्या घड्याळावर टिपून, त्यानं दाबाचा चढ आणि उतार पहिल्यांदाच रेखाटला. रॉबिन्सला वाटलं होतं की गोळा हलायच्या आधीच सगळी दारू जळून जाते. प्रत्यक्षात गोळा सरकत असतानाच ती जळत असते. दाब चढतो, गोळा थोडा पुढे गेल्यावर शिखर गाठतो आणि मग उतरतो.

१८७५ मध्ये नोबल आणि रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक एबल यांनी पूर्ण बंद भांड्यात दारू पेटवून तिचे आकडे जाहीर केले. वजनानं फक्त ४३ टक्के दारूचा वायू होतो. बाकी ५७ टक्के घन राहते आणि धूर-काजळी होऊन नळीला चिकटते. भांडं दारूनं पूर्ण भरलेलं असेल तर दाब हवेच्या दाबाच्या सुमारे ६,४०० पट. रॉबिन्सचा हजारपटीचा आकडा किती खाली होता हे आता कळलं. तरीही त्याचं वेगाचं उत्तर जवळ आलं होतं, कारण त्यानं दाब कमी धरला असला तरी सगळी दारू एका क्षणात जळते आणि काहीही वाया जात नाही असंही धरलं होतं. दोन चुका एकमेकींना कापून गेल्या.

१८८४ मध्ये पॉल व्हिएलनं फ्रान्समध्ये धुराविना जळणारी दारू तयार केली. ती जळून जवळपास सगळीच वायू होते, आणि दाण्याचा आकार बदलून ती किती झपाट्यानं जळावी हे ठरवता येतं. आजच्या रायफलमध्ये दाब साडेतीन हजारपटीच्या आसपास किंवा त्याहून वर चढतो, गोळी नळीतून सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास बाहेर पडते आणि तिचा वेग सेकंदाला आठशे-नऊशे मीटर असतो.

धातूच्या जागी माप

महाराष्ट्रात हा हिशेब आता कारखान्यांमध्ये रोज चालतो. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला १९६४ पासून तोफा-बंदुकांसाठी लागणाऱ्या धुराविना जळणाऱ्या दारूचं उत्पादन होतं. वरणगावला काडतुसं तयार होतात. पुण्यात पाषाणच्या आयुध संशोधन संस्थेत शस्त्रं आखली जातात आणि जवळच सुतारवाडीच्या प्रयोगशाळेत नव्या प्रकारची दारू तपासली जाते. प्रत्येक घाण्यातले नमुने चाचणीच्या नळीतून झाडले जातात आणि दोन आकडे मोजले जातात: नळीत चढलेला सर्वांत जास्त दाब आणि तोंडाशी मिळालेला वेग. वेग ठरल्याप्रमाणे आला, पण दाब मर्यादेबाहेर गेला, तर घाणा नापास. दाब कमी राहिला आणि वेगही कमी भरला, तरी नापास. दोन्ही आकडे मापात हवेत.

अहमदनगरच्या रूमीपासून दौलताबादच्या मुहंमद हुसेन अरबापर्यंत कोणाही ओताऱ्याला यांतला एकही आकडा ठाऊक नव्हता. अज्ञात दाबासाठी त्यांनी धातू मोजला: भिंत जाड केली, कोठा अरुंद केला, कडी आवळली. मुलुख-ए-मैदानचे ५५ टन त्या अनिश्चिततेची किंमत आहेत. विजापूरचं राज्य गेल्यावर औरंगजेबानं तिच्यावर आपला लेख कोरून घेतला. १८५४ मध्ये इंग्रजांनी भंगार म्हणून तिचा लिलाव केला तेव्हा दीडशे रुपये बोली आली. तो सौदा रद्द झाला म्हणून तोफ वाचली. धातूची किंमत तेव्हा बोली लावणाऱ्यांनी केली. त्या धातूत किती वर्षांचं निरीक्षण ओतलं आहे याचा हिशेब मात्र रॉडमन आणि नोबल यांनी दाब मोजायला सुरुवात केल्यावरच करता येऊ लागला. आणि तो केला की दिसतं, बूड जाड आणि तोंड निमुळतं ठेवण्यात, कोठा अरुंद करण्यात दख्खनच्या कारागिरांची दिशा चुकली नव्हती. त्यांच्याकडे एकच गोष्ट नव्हती, मोजपट्टी.